नऊ माणसं आणि एक कपाट

माझे वडील कीर्तन करायचे आणि त्यांच्या कीर्तनात माणसं ढसाढसा रडायची. हे मी कौतुकाने सांगत नाही. रडून झालं की तीच माणसं डोळे पुसून चहा प्यायची, आणि चहाचे पेले वेगळे असायचे. एक पेला तर कायम ओसरीच्या खिडकीत पालथा घातलेला असे. तो कुणाचा, ते पुढे येईलच.

आम्ही बेने इस्राएल. कोकणात घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावाने आम्हाला शनिवार तेली म्हटलं. बाबांच्या पिढीत घाणे गेले आणि रेल्वे आली. बाबा कल्याणला मालधक्क्यावर कारकून होते. आमच्यासारखी वीसेक घरं रेल्वेच्या आसऱ्याने कल्याणात राहायची. ठाण्याला आमची मोठी मशीद होती. प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणायचो आणि शेजारच्या जोशीकाकू दर वेळी नव्याने चक्रावायच्या. पण सणाच्या दिवशी गाडीत बसायचं नाही हा नियम, मग ठाण्याला जाणार कसं? म्हणून रेल्वे वसाहतीबाहेर एका बैठ्या घराच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून आमच्या लोकांनी आपली छोटी मशीद केली होती. बाबा तिचे मुकादम. प्रार्थना चालवणारे तेच, कोण कुठे बसणार हे ठरवणारेही तेच.

बाबांचं आवडतं आख्यान एका मेंढपाळ संदेष्ट्याचं होतं. हा गरीब माणूस श्रीमंतांच्या सणात शिरतो आणि तोंडावर सांगतो की देवाला तुमच्या सणांचा वीट आलाय, तुमची गाणी त्याला ऐकवत नाहीत, त्याला न्याय पाहिजे. पेटी वाजायची, टाळ वाजायचे आणि बाबा उजवा हात वर करून विचारायचे, "मंडळी, न्याय म्हणजे काय?" मग स्वतःच उत्तर द्यायचे. विधवेचं ऐकणं, पोरक्याला जवळ घेणं, परक्याला आपल्यात बसवणं. परक्याला आपल्यात बसवणं म्हणताना त्यांचा आवाज हमखास कापायचा. मला लहानपणी वाटायचं, बाबा किती चांगले आहेत.

त्या कीर्तनाला सुतारकाका मागे, दाराशी बसायचे.

सुतारकाका शहाडला राहायचे. नदीच्या बाजूला त्यांची एक खोली आणि पुढे पत्र्याखाली कामाची जागा होती. बायको वारलेली, मूलबाळ नाही. आमचेच, म्हणजे शनिवार पाळणारे, आमच्याच प्रार्थना म्हणणारे. पण ते 'काळे'. आमच्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता, आणि त्याचा अंगाच्या रंगाशी काही संबंध नव्हता. माझे बाबा सुतारकाकांपेक्षा दोन छटा काळे होते. पिढ्यांपूर्वी कुणी बाहेरची बायको केली असली, तर तिची पोरंबाळं काळी. मग त्यांच्या पोरांची पोरं काळी, आणि हे संपायचं कधी, ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. सुतारकाकांच्या पणजोबांनी म्हणे अलिबागेकडे असं काहीतरी केलं होतं. ती पणजी कोण, कुठली, हे त्यांनाही माहीत नव्हतं. तिचं नावसुद्धा उरलं नव्हतं, तिचा दोष मात्र व्यवस्थित उरला होता.

खिडकीतला पालथा पेला त्यांचा.

आमच्या मशिदीतलं कपाट त्यांनी केलं होतं. कातड्यावर लिहिलेली शास्त्राची गुंडाळी ज्यात ठेवतात, त्याला आम्ही हेखाल म्हणतो. पण होतं ते सागवानी कपाटच, दोन दारांचं, वर द्राक्षांच्या वेलाची नक्षी. सहा महिने त्यांनी त्यावर काम केलं आणि मजुरी घेतली नाही. डावं दार चौकटीला थोडं घासायचं. उघडताना आणि मिटताना ते बोटभर उचलून धरावं लागे आणि ही युक्ती फक्त काकांना जमायची. कपाट बसवून झालं त्या दिवशी बाबांनी त्यांचे आभार मानले आणि त्यांना दाराशी त्यांच्या जागी बसायला सांगितलं.

आता दहांची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात पूर्ण प्रार्थना व्हायला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर गुंडाळी बाहेर काढता येत नाही, संदेष्ट्यांचं वाचन होत नाही. म्हणून प्रार्थनेआधी मुकादम नजरेने माणसं मोजतो आणि म्हणतो, "दहा झाले." मग सुरुवात होते. बायका या मोजणीत नसतात. आम्ही पडद्यामागे बसायचो. काळेही मोजणीत नसायचे. ते पडद्याच्या पुढे असले तरी नसल्यासारखेच.

आणि सुतारकाकांना एवढंच हवं होतं. मोजणीत यायचं होतं. पुढे बसायला नको, वाचायला नको, मान नको. दर वर्षी नव्याच्या सणाच्या आधी, म्हणजे आमच्या वर्षारंभाच्या आधी, ते आमच्या ओसरीवर यायचे आणि बाबांना म्हणायचे, "मुकादमसायेब, या वर्षाला मला मोजा. मी दहातला एक झालो तर बाकी काय नाय मागणार." बाबा त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान होते आणि त्यांना अरेतुरे करायचे. "अरे, माझ्या हातात असतं तर... पण रीत आहे बाबा." मग आई खिडकीतला पेला सुलटा करून त्यांना पाणी द्यायची. पाणी पिऊन ते जायचे. मी हे पाच-सहा वर्षं तरी पाहिलं असेल.

पण या माणसाला संदेष्टे तोंडपाठ होते. हिब्रू, स्वरासकट. त्यांचे वडील त्यांना शिकवून गेले होते, मोजणीत येण्याच्या आशेनेच बहुधा. मुंबईहून आलेल्या विद्वानालाही अडायला व्हायचं तिथे काका अडत नसत. आमच्यात वाचणारा चुकला की ऐकणाऱ्याने ती चूक मोठ्याने दुरुस्त करायची असते. तो अधिकार कुणालाही आहे, कारण देवाच्या शब्दात चूक राहू द्यायची नाही. तेव्हा वाचन सुरू झालं आणि कुणी अडखळलं की मागून दाराशी बसलेल्या काकांचा आवाज यायचा. एकच शब्द, बरोबर शब्द. वाचणारा तो उचलायचा आणि पुढे जायचा. मोजणीत नसलेल्या माणसाच्या आधाराने मोजलेल्यांची प्रार्थना पार पडायची आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

माझ्या दादाला वाचायला त्यांनीच शिकवलं. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे दारफाळणीचा सण. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, दिवसभर उपास करायचा आणि वर्षभराच्या पापांची क्षमा मागायची. त्या दुपारी माशाच्या पोटात गेलेल्या संदेष्ट्याची पोथी वाचतात. ती वाचण्याचा मान तेराव्या वर्षापासून दादाकडे होता. शिकवणी दर वर्षी सणाच्या आधी आमच्या ओसरीवर व्हायची. काका पायरीवर, दादा वर चटईवर. मी आत दाराआड तांदूळ निवडत बसायची आणि सगळं पाठ करायची. मला कुणी शिकवलं नाही, पण कुणी कान बंद करायलाही सांगितलं नव्हतं.

एकदा दादाने माशाचं विचारलं. एवढा मोठा मासा असतो का?

"माशाचं काय घेऊन बसलास रे," काका म्हणाले. "मासा कोकणात रोज बघतो आपण. खरी गोष्ट शेवटाला हाय. देव त्या शहराला माफ करतो आणि हा देवाचा माणूस रुसून बसतो. म्हणतो, त्यांना माफी कशाला? ते आपले नायत. झाडाखाली सावलीला बसतो. ते झाड मरतं तर झाडासाठी रडतो. मग देव त्याला विचारतो, अरे, न लावलेल्या झाडाचं तुला एवढं वाटतं, मग एवढ्या माणसांचं मला वाटू नये काय?"

"मग तो काय उत्तर देतो?"

"काय नाय. पोथी तिथंच संपते."

दादाला ते आवडलं नाही. त्याला नीट शेवट असलेल्या गोष्टी आवडायच्या.

मग तो नवा देश झाला, इस्राएल. आपल्याकडे स्वातंत्र्य आलं, फाळणी झाली, शहाडच्या पलीकडे निर्वासितांच्या छावण्या पडल्या आणि काका त्यांच्यासाठी खाटा आणि दारं करू लागले. त्यातच बातमी आली की दूर तिकडे आमच्या लोकांचं राज्य झालंय. बाबांनी त्या वर्षी नवं आख्यान बसवलं. देव आपल्या माणसांना चारी दिशांतून गोळा करील, आंधळ्याला, पांगळ्याला, कुणालाही मागे ठेवणार नाही. संदेष्ट्यांनी सांगितलेलं तारण ते हेच, असं बाबा म्हणायचे. माणसं रडली, पण या वेळी आनंदाने. आणि घरं रिकामी व्हायला लागली. एकेक कुटुंब सामान विकून निघालं. कुणाचा पलंग जोशीकाकूंकडे गेला, कुणाचं शिवणयंत्र दर्जीवाड्यात. दादा कारखान्यात फिटर होता, बाविशीचा. तोही निघाला. आईने हन्नाबीला, म्हणजे स्वर्गात गेलेल्या आणि तारणाची बातमी घेऊन येणार असलेल्या आमच्या संदेष्ट्याला, मलिद्याचा नवस केला. पोरगा सुखरूप राहिला तर भिजवलेले पोहे, नारळ, साखर, पाच फळं. आमच्याकडे सगळ्या दुखण्याखुपण्याला हन्नाबी. विठोबाकडे जातात तसे आम्ही त्याच्याकडे जायचो.

दादा गेला त्या वर्षी दारफाळणीच्या आधी बाबांनी माणसं मोजली तर नऊ भरली.

ठाण्याचा माझा मामा सणाच्या आदल्या दिवशी येऊन राहील असं ठरलं. दहावा तो. सूर्य मावळायच्या आत यायला हवा होता, कारण नंतर प्रवास नाही. आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत मशिदीत जमलो. बाबा दर दोन मिनिटांनी दाराकडे पाहत होते. मामा आला नाही. त्याला ताप भरला होता, हे आम्हाला तीन दिवसांनी कळलं. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं आणि संपलं.

आणि दाराशी काका बसले होते. स्वच्छ धुतलेलं धोतर, पांढरी बंडी, पांढरी टोपी. नऊ माणसं आणि ते. खोलीतल्या प्रत्येकाला हे दिसत होतं. पडद्याला जिथे शिवण उसवली होती तिथून मलाही दिसत होतं. मला वाटलं, आता होणार. आता दुसरा इलाजच नाही.

निवृत्त झालेले एक म्हातारे गार्ड होते, ते हळूच म्हणाले, "मुकादम, मागे बसलाय ना एकजण."

बाबा पुढे गेले आणि कपाटाची दोन्ही दारं उघडली. डावं दार घासलं, कचकन आवाज झाला. बाबा वळून म्हणाले, "जुन्या विद्वानांत कुणी कुणी म्हटलेलं आहे की नऊ पुरुष असतील आणि शास्त्राचं कपाट उघडं असेल, तर ते कपाट दहावं धरावं. मी मुंबईच्या मोठ्या मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानांकडून ऐकलंय." आणि मग, अगदी नेहमीच्या आवाजात, "दहा झाले."

प्रार्थना सुरू झाली.

मी आज ऐंशीच्या पुढे आहे. बऱ्याच गोष्टींवरचा राग वयाने निवतो म्हणतात. याच्यावरचा निवला नाही. काकांनी केलेलं कपाट माणसात मोजलं गेलं आणि काका नाही. त्या सागवानाने कुठल्या पणजीचा दाखला दिला होता?

काका उठून गेले नाहीत. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते जागचे हलले नाहीत. कपाट उघडंच होतं. ते मिटलं असतं तर दहावा गेला असता ना. दुपारी माशाच्या पोथीचं वाचन आलं. दादा नव्हता, म्हणून बाबाच वाचायला उभे राहिले. बाबांना गाता यायचं, रडवता यायचं, पण ही पोथी त्यांनी कधी तयार केली नव्हती. संदेष्टा जहाजात बसला तोवर ठीक चाललं. वादळात ते अडखळले.

सगळ्यांनी सवयीने दाराकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. शब्द तिथून यायचा असतो.

शब्द आला नाही. काकांची नजर समोर होती, ओठ मिटलेले. बाबांनी तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा तिथेच अडकले. मला तो शब्द माहीत होता. माझ्या जिभेच्या टोकावर होता. दुरुस्ती कुणीही करावी असा नियम आहे, पण तेरा वर्षांच्या मुलीने पडद्यामागून करावी असं कुणी म्हटलेलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. आईने माझा दंड धरला होता, बहुतेक तिला कळलं असावं.

मग काका उठले. मधल्या वाटेने, जिथून ते कधी चालले नव्हते, अनवाणी पुढे गेले. कुणी अडवलं नाही, सगळे इतके बावरले होते. त्यांनी कपाटाचं उजवं दार लावलं. मग डावं दार बोटभर उचललं आणि आवाज न होता मिटलं. बाबांकडे वळून म्हणाले, "मुकादमसायेब, आता तुमी नऊच." आणि निघून गेले. दारफाळणीच्या दिवशी आमच्या मशिदीचं तेवढं एक दार खरोखर कुणीतरी लावलं.

नंतर ते कपाट उघडेना. फुगलं होतं की काय कोण जाणे. चार उपाशी माणसं डाव्या दाराला लोंबकळली. शेवटी गार्डांच्या धाकट्या भावाने चाकूने फट काढली तेव्हा ते सुटलं आणि दहावा परत आला. बाबांनी पोथी कशीबशी संपवली. चुका किती झाल्या ते मोजायला कुणी नव्हतं. मी मोजल्या. तेवीस.

त्यानंतर काका आमच्याकडे आले नाहीत. पालथा पेला खिडकीत तसाच राहिला आणि त्याच्यावर धूळ बसली.

दादाची पत्रं यायची. सुरुवातीला संत्र्यांच्या बागा आणि हिब्रूत लिहिलेल्या पाट्या यांचीच पत्रं. मग दोन महिने काहीच नाही. मग एक जाड पाकीट आलं. बाबांनी ते जेवायच्या आधी उघडलं आणि त्या दिवशी आम्ही जेवलो नाही. दादाने लिहिलं होतं की फिटरचं काम मिळालं नाही, खडी फोडायला घातलंय. एका अधिकाऱ्याने त्याचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं की तुम्ही खरे आमच्यातले कशावरून, तुमच्याकडे कुणी बाहेरच्या बायका केल्या नसतील कशावरून, पिढ्यांचे कागद आहेत का. आणि त्याच्या वस्तीतल्या प्रार्थनाघरात एका संध्याकाळी नऊजण जमले होते. दादा दहावा. तो उभा होता आणि ते दहाव्याची वाट पाहत होते. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाला त्यांनी हाक मारून आत बोलावलं. 'बाबा, इथे आपण काळे आहोत,' असं त्याने लिहिलं होतं.

बाबा रडले. कीर्तनात रडायचे तसं नाही, नाकातोंडातून पाणी येईतो रडले. "माझ्या पोराला मोजलं नाही गं," ते आईला म्हणत होते. "उभा होता तरी मोजलं नाही."

मी त्यांच्याकडे पाहत होते. मला वाटलं, आता यांना कळेल. एवढं समोर आल्यावर कसं नाही कळणार? बाबांनी पुढच्याच आठवड्यात त्या दुःखावर कीर्तन केलं. परदेशात, आपल्याच माणसांत परके झालेल्यांचं. मंडळी खूप रडली. शहाडचं नाव त्यात कुठे नव्हतं.

त्या पाकिटात एक घडी केलेला वेगळा कागद होता. वर लिहिलं होतं, 'सुतारकाकांस'. बाबांनी तो न वाचता माझ्याकडे दिला. मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तशीच शहाडला गेले. छावणीच्या बाजूने, चिखलातून. काका रंधा मारत होते. चष्मा फुटलेला होता, म्हणून म्हणाले, "तूच वाच बाय."

मी वाचलं. दादाने माफी मागितली होती. त्या संध्याकाळी मला तुमची जागा कळली, असं लिहिलं होतं. मी परत येतोय. येत्या दारफाळणीला तुम्हाला दहांत मोजल्याशिवाय मी पोथी उघडणार नाही, हा माझा शब्द आहे.

काकांनी कागद माझ्या हातून घेतला आणि बंडीच्या खिशात घातला. मग एकदम म्हणाले, "कपाटाचं डावं दार घासतंय काय अजून?"

"घासतं."

"सणाच्या आधी येऊन बघतो."

आणि ते खरंच आले. दादा बोटीने मुंबईला उतरला, कल्याणला घरी आला, आईने मलिदा केला, शेजारीपाजारी जमले. सणाच्या चार दिवस आधी काका मशिदीत येऊन डावं दार उतरवून, कड तासून, तेल घालून गेले. दादा त्यांना भेटायला गेला. दोघं पायरीवर बसून पोथीचा सराव करत होते, पूर्वीसारखा. मी इतकी खूश कधीच नव्हते. आईलासुद्धा सांगितलं नाही, पण मनात म्हटलं, हन्नाबी येतो म्हणतात तो असाच येत असेल, खडी फोडून काळवंडलेला.

दारफाळणीची संध्याकाळ. नऊ होते तेच नऊ होते. मामाला या वेळी बोलावलंच नव्हतं. काका दाराशी पांढऱ्या कपड्यांत, खिशातून त्या कागदाची कड दिसत होती. दादा आत आला आणि पुढे, आपल्या जुन्या जागी उभा राहिला. मी उसवलेल्या शिवणीला डोळा लावला.

बाबांनी माणसं मोजली. त्यांची नजर एकेका डोक्यावरून फिरत दादापाशी आली आणि थांबली. चेहरा उजळला त्यांचा. आपला पोरगा परत मिळालेल्या बापाचा चेहरा होता तो, मला खोटं बोलायचं नाही. त्यांनी कपाटाकडे पाहिलं नाही, दाराकडे तर नाहीच. गरजच नव्हती.

"दहा झाले," बाबा म्हणाले.

काकांनी दादाकडे पाहिलं. दादाने खाली पाहिलं. एक क्षण, दोन क्षण. एवढ्या वेळात माणूस एक वाक्य बोलू शकतो. मग दादाने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पोथीही उघडली आणि सुरेख वाचली. वादळ, मासा, शहर, झाड, शेवटचा प्रश्न. एकही चूक झाली नाही. मागून शब्द द्यायची वेळच आली नाही, आणि द्यायला मागे कुणी नव्हतंही. काका आदल्या रात्रीच उठून घरी गेले होते.

मी दादाला संध्याकाळी उपास सोडताना विचारलं. तो म्हणाला, "अगं, बाबांचं वय बघ. एवढ्या मोठ्या दिवशी तमाशा करायचा का? पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी म्हणताना त्याने पुरी मोडली. मला त्याचा जितका राग आला तितका बाबांचाही कधी आला नव्हता. बाबांना कळलं नव्हतं. याला कळलं होतं.

सणाच्या दुसऱ्या दिवसाला आम्ही शिळा सण म्हणतो. त्या दिवशी गोरगरिबांना द्यायचं, ओळखीच्यांकडे ताटं पाठवायची. आईने करंज्या आणि पुऱ्यांचं ताट भरलं, वर रुमाल झाकला आणि म्हणाली, "शहाडला देऊन ये." तिचे डोळे लाल होते. ती पडद्यामागे माझ्या शेजारीच बसलेली होती, तिलाही ऐकू गेलं होतंच.

काका पत्र्याखाली बसले होते. काम सुरू नव्हतं. त्यांनी ताट घेतलं, करंज्या डब्यात काढल्या, ताट धुतलं, पुसलं आणि परत दिलं. मी तशीच उभी राहिले.

"भावाने बरं वाचलं काय?" त्यांनी विचारलं.

"चूक नाही झाली."

"मी शिकवलंय ते." मग माझ्याकडे वळून, "तू पण दाराआडून शिकलीस. माझं लक्ष असायचं. तांदूळ निवडायचा आवाज बंद व्हायचा ना, तेव्हा समजायचं की बाय ऐकते. म्हण बघू शेवट."

मी तिथे, लाकडाच्या भुशात उभी राहून, हातात रिकामं ताट धरून शेवट म्हटला. देवाचा प्रश्न. एवढ्या माणसांचं मला वाटू नये काय. स्वरासकट, पहिल्यांदा मोठ्याने. माझा आवाज फाटला, तरी त्यांनी थांबवलं नाही.

"चूक नाय," काका म्हणाले. त्यांनी खिशातून दादाचा कागद काढला, त्याची बारीक घडी केली आणि डगमगणाऱ्या मेजाच्या पायाखाली सारली. मेज हलवून पाहिलं. हलत नव्हतं.

"तू एक, मी एक," ते म्हणाले. "दोन झाले. अजून आठ बघ."